कळा तिच्या, पण एकटीनेच का?

रात्री दहानंतर एखाद्या सरकारी दवाखान्यातल्या लेबर रूमच्या बाहेर जाऊन उभं राहिलं तर काय दिसतं? चटई टाकून बसलेल्या दोन-तीन बायका. एकीजवळ चहाचा थर्मास, दुसरीच्या पिशवीत बाळासाठी धुऊन, घड्या घालून आणलेले जुन्या सुती साडीचे तुकडे. आतून ओरडण्याचा आवाज आला की त्या उठून दाराशी जातात. मावशी दार किलकिलं करते, "वेळ आहे अजून, बसा" म्हणते आणि दार लागतं. दारापलीकडे त्यांची लेक किंवा सून टेबलावर उताणी पडलेली असते. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई विव्हळत असते. पिशवीचं तोंड किती उघडलंय, अजून किती तास, मघाशी दिलेलं इंजेक्शन कसलं होतं, यातलं तिला कुणी काही सांगितलेलं नसतं.

बाळंतपणाची भीती हा तिच्या मनाचा दुबळेपणा आहे असं धरून आपण उपाय सांगतो. मन खंबीर ठेव, देवाचं नाव घे, तुझ्या आजीने आठ केली. आमचं म्हणणं वेगळं आहे. या भीतीचा बराच मोठा भाग त्या बंद दाराआड तयार होतो. एकटेपणातून, अज्ञानातून आणि ओरडा खाण्यातून. म्हणजे तो तिथेच कमीही करता येतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा उपायांना पैसे जवळजवळ लागत नाहीत.

भीतीने दुखणं वाढतं, ही समजूत घालायची गोष्ट नाही, शरीराचा व्यवहार आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात भीती, ताण आणि वेदना यांचं एक चक्र मांडलं. त्याचे सगळे निष्कर्ष आज कुणी जसेच्या तसे घेत नाही. भीती पूर्ण गेली की कळा दुखणारच नाहीत, हे तर खोटंच आहे. पण चक्राचा गाभा टिकला. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं, कळांची लय बिघडते. मांड्या, जबडा, खांदे आवळले जातात. ज्या स्नायूंनी सैल सुटायचं तेच धरून बसतात. मग बाळंतपण लांबतं, दमणूक होते, आणि दमलेल्या शरीराला तीच कळ दुप्पट लागते.

आता थोडा हिशेब. कळा सुरळीत सुरू झाल्या की साधारण दहा मिनिटांत तीन येतात आणि एकेक पाऊण मिनिट टिकते. म्हणजे दहा मिनिटांतली सव्वादोन मिनिटं कळेची, पावणेआठ मिनिटं मोकळी. अगदी शेवटी, दहा मिनिटांत चार आणि मिनिटभराच्या कळा येतात तेव्हासुद्धा सहा मिनिटं उरतात. कळ एकदम येत नाही. ती चढते, माथ्यावर पोचते आणि उतरते, आणि माथ्यावरचा काळ वीस-पंचवीस सेकंदांचा असतो. हे माहीत असलेली बाई उतरणीची वाट बघते. माहीत नसलेली बाई मधल्या मोकळ्या मिनिटांतही पुढच्या कळेच्या धास्तीने अंग आवळून असते. तिच्या दृष्टीने ती कळ संपतच नाही.

शेवटच्या टप्प्याचंही तसंच. तोंड आठ सेंटिमीटरपासून पूर्ण दहापर्यंत उघडताना पुष्कळ जणींना अंगाला कापरं भरतं, उलटी होते, "मला जमत नाही, सिझर करा" असं त्या ओरडतात. ही हार नव्हे, बाळ जवळ आल्याची खूण आहे. आधी सांगितलेलं असलं तर बाई ती ओळखते. सांगितलेलं नसलं तर तिला वाटतं आपण मरतोय, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला म्हटलं जातं, "गप, ओरडू नकोस." याहून वाईट वाक्यंही बोलली जातात. ती इथे लिहिण्याची गरज नाही, महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांना ती पाठ असतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणारा अनादर आणि मारहाण थांबवण्यासाठी वेगळं निवेदन काढलं, ते काही कुणाच्या हळवेपणापायी नव्हे.

हे सगळं सांगायचं कधी? जागा तयार आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, हवी तर सोनोग्राफी. रांग मोठी, डॉक्टर एक. पण रांगेत तासभर बसून राहिलेल्या त्याच बायकांशी एखादी सिस्टर किंवा आशाताई अर्धा तास कळांबद्दल बोलली तर? खोट्या कळा आणि खऱ्या कळा यांतला फरक: खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की थांबतात, खऱ्या वाढत जातात. निघायचं कधी: पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर येत राहिल्या की. घर लांब असेल किंवा दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. आणि कळांची वाट न बघता लगेच निघायचं कधी: पाणी गेलं, पाणी हिरवट दिसलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढं ऐकून गेलेली बाई निम्मी भीती घरीच ठेवून येते.

त्याच अर्ध्या तासात सराव शिकवता येतो. आठव्या महिन्यापासून रोज दहा मिनिटं. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, तोंडाने सहा मोजेपर्यंत हळू सोडायचा, सोडताना खांदे आणि जबडा सैल. जबडा ढिला असला की खालचे स्नायूही सहसा आवळत नाहीत. घरी पारख करायची असेल तर बर्फाचा एक खडा मुठीत धरायचा आणि समोरच्याने घड्याळ लावून मिनिट मोजायचं. पहिल्यांदा नुसतं दात-ओठ खात, दुसऱ्यांदा या श्वासाबरोबर. बर्फ तेवढाच गार असतो, मिनिट तेवढंच लांब असतं. फरक कुठे पडतो ते बाईला स्वतःला कळतं, व्याख्यान लागत नाही. चूक होते ती 'हाश-हुश' करत भराभर श्वास घेण्यात. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि बाई आणखी घाबरते. तसं झालं तर बाहेर सोडायचा श्वास लांबवायचा, बास.

इथे गर्भसंस्काराच्या धंद्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. आयुर्वेदाचं नाव घेऊन मंत्रांच्या सीडी, हुशार बाळाची हमी आणि हजारोंच्या फिया असलेले वर्ग पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय त्यांतल्या किती जणांनी उघडलाय कोण जाणे. त्यात सूतिकागारात, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, बाईजवळ कोण असावं हे स्पष्ट दिलंय: अनेकदा बाळंत झालेल्या, तिच्यावर जीव असणाऱ्या, कुशल, खिन्न न होणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या पुष्कळ बायका. पुढे वाद आहे. कळा देणाऱ्या बाईने मुसळ घेऊन धान्य कांडावं असं काही जण म्हणतात. संहितेतला गुरू आत्रेय ते साफ नाकारतो आणि चालायला मात्र सांगतो. कळ नसताना जोर लावला तर तो वाया जातो, हेही तिथेच आहे. आज लेबर रूममध्ये यातलं काय पाळलं जातं? जिवाभावाच्या बाया दाराबाहेर, बाई उताणी बांधल्यासारखी टेबलावर, आणि तोंड पुरतं उघडायच्या आधीच "लाव जोर, लाव जोर". अवेळी जोर लावला की पिशवीच्या तोंडाला सूज येते आणि ते उघडायला उलट जास्त वेळ लागतो. प्राचीन ज्ञानाचा अभिमान मिरवायचाच असेल तर सुरुवात इथून करावी.

जे चरकाला ठाऊक होतं त्याला आता आकड्यांचंही बळ आहे. बाळंतपणात सतत कुणीतरी सोबत असण्याचा अभ्यास १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवर झालाय. सोबत असलेल्या बायकांचं बाळंतपण थोडं लवकर आटोपतं, सिझर कमी होतात, वेदनाशामक औषध कमी लागतं, अनुभव वाईट गेला असं सांगणाऱ्या कमी निघतात. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात खोक्यांनी येऊन पडली असती.

आणि हे सरकारला माहीत नाही असंही नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अटी साध्या: नात्यातली बाई, स्वतः बाळंतपणातून गेलेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली, पूर्ण वेळ थांबणारी आणि उपचारात ढवळाढवळ न करणारी. जिथे आडोसा नीट आहे तिथे नवऱ्यालाही चालेल असं म्हटलंय. डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही लेबर रूमच्या दर्जाच्या मोजमापात सोबतीण आहे. आपल्या आदिवासी जिल्ह्यांतल्या माहेरघर योजनेत तर बाई तारखेच्या आधी काही दिवस घरच्या माणसासकट आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते. म्हणजे तिला माणूस लागतं हे शासनाला मान्य आहे. लेबर रूमचा उंबरा आला की तेवढं विसरलं जातं. बऱ्याच ठिकाणी रजिस्टरात सोबतिणीचं नाव असतं आणि सोबतीण चटईवर असते.

सोबतीण आत नेमकं काय करते? नुसता हात धरून बसणं एवढंच नाही. कळ सुरू झाली की तळहाताच्या टाचेने कंबरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, घट्ट दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबायचं. कळ उतरली की सोडायचं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर दुखणं सगळं कंबरेत येतं, तेव्हा या दाबाइतका आराम दुसऱ्या कशाने पडत नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिथेच ठेवता येते, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसते का ते आधी बघायचं. दर दोन तासांनी लघवीला नेऊन आणायचं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. जोखीम नसलेल्या बाईला घोट-घोट पाणी, पेज, पातळ ताक द्यायचं. 'काही खाऊ-पिऊ नको' हा सरसकट नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत नाही. चालवायचं, भिंतीला टेकून पुढे झुकवायचं, थकली की डाव्या कुशीवर निजवायचं. उताणं झोपवण्यात बाईची काहीच सोय नाही, तपासणाऱ्याची आहे. बाहेर बसलेल्या त्या थर्मासवाल्या बाईला यातलं प्रत्येक काम दहा मिनिटांत शिकवता येतं, आणि ते ती ड्यूटीवरच्या एकट्या सिस्टरपेक्षा जास्त वेळ करेल. सिस्टरकडे एका वेळी चार टेबलं असतात.

पण सोबत हा औषधाला पर्याय नाही. 'नैसर्गिक' म्हणत वेदनाशमन नाकारणाऱ्यांशीही आमचं भांडण आहे. वेदना सोसण्यात काही पुण्य नाही. दाढ काढताना कुणी 'नैसर्गिक' काढून घेत नाही.

सरकारी लेबर रूममध्ये दिलं जाणारं इंजेक्शन बहुधा ड्रोटाव्हेरिन किंवा व्हॅलेथामेटचं असतं. 'तोंड उघडायचं इंजेक्शन' म्हणून ते ओळखलं जातं. बाईला वाटतं दुखणं थांबवायचं औषध दिलं. ते तसं नाही. बाळंतपण लांबू नये म्हणून ही औषधं सरसकट देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. दुसरीकडे सलाइनमधून कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन सर्रास लावलं जातं. गरज असेल तिथे ते हवंच. पण त्याने कळा झपाट्याने आणि जोरात येतात, मधली मोकळी मिनिटं आटतात. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर थेंब थांबवून बाईला डाव्या कुशीवर वळवायचं आणि बाळाचे ठोके बघायचे, हा नियम. जिथे थेंब मोजायला आणि पोटावर हात ठेवून कळा मोजायला माणूस नाही, तिथे ते घाईसाठी लावणं म्हणजे दुखणं वाढवून वर 'ओरडू नकोस' म्हणणं.

खरं वेदनाशमन म्हणजे एपिड्युरल, आपल्याकडचं 'कंबरेतलं इंजेक्शन'. सिझरला देतात त्या स्पायनलपेक्षा हे वेगळं. यात मणक्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून अगदी सौम्य भूल थोडी-थोडी देत राहतात. पंधरा-वीस मिनिटांत आराम पडतो, पाय साधारणपणे हलवता येतात. आधी प्लेटलेट, रक्त पातळ करणारी औषधं, सुई टोचायच्या जागी जखम नाही ना, हे बघावं लागतं. दिल्यावर सुरुवातीला दर पाच मिनिटांनी रक्तदाब, कारण तो घसरू शकतो. याने सिझर वाढत नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो, हे खरं. शंभरात एखादीला नंतर काही दिवस जबर डोकेदुखी होते. 'जन्मभर कंबर धरते' ही मात्र ऐकीव गोष्ट. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती इंजेक्शन न घेतलेल्यांचीही.

तरी ते महाराष्ट्रात बहुतेक बायकांच्या वाट्याला येत नाही. कारण औषधाची किंमत नव्हे, चोवीस तास हजर असणारा भूलतज्ज्ञ. मेडिकल कॉलेज सोडलं तर तो रात्री मिळणं कठीण, आणि मिळाला तर तो सिझरला लागतो. उद्या सकाळी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एपिड्युरल द्या असं म्हणणं सोपं आहे आणि पोकळही. पण अधलेमधले पर्याय आहेत. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मं-निम्मं मिसळलेला वायू इंग्लंड-स्वीडनमध्ये सुईणींच्या हाताखाली रोज वापरला जातो. मास्क बाईने स्वतःच धरायचा, दुसऱ्या कुणी तोंडावर दाबायचा नाही. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, हीच त्यातली सुरक्षा. कळ माथ्यावर पोचल्यावर ओढून उपयोग नाही. परिणाम चढायला अर्धा मिनिट जास्तच लागतो, म्हणून कळेची चाहूल लागताच श्वास घ्यायला सुरुवात करायची. मळमळतं, गरगरतं, दुखणं पूर्ण जात नाही, पण मास्क काढला की पाच मिनिटांत सगळं उतरतं. खोलीला खेळती हवा पाहिजे. सिलिंडर उणे सहा अंशांखाली गेला तर वायू वेगळे होतात. ती धास्ती महाबळेश्वरातसुद्धा नको.

आणि टाके. इथे मात्र कुठलीही सबब चालत नाही. पहिलटकरणीला सरसकट खालून छेद देऊ नये हे २०१८ च्या शिफारशींत आहेच. पण छेद दिला किंवा फाटलं, तर शिवण्याआधी भूल द्यायलाच हवी. लिग्नोकेन प्रत्येक लेबर रूमच्या ट्रेमध्ये असतं. दोन टक्क्यांचं असेल तर तेवढ्याच सलाइनमध्ये निम्मं करून एक टक्क्याचं करायचं, १० मिली दोन्ही कडांत टोचायचं, टोचण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. मग दोन ते तीन मिनिटं थांबायचं. चिमट्याने कडेला धरून बघायचं, दुखलं तर आणखी थांबायचं. हीच दोन-तीन मिनिटं कापली जातात. भूल टोचली आणि लगेच सुई घातली, किंवा "दोनच टाके आहेत" म्हणून टोचलीच नाही. पुढच्या बाळंतपणाच्या नुसत्या विचाराने ज्यांना घाम फुटतो, अशा कित्येक जणींच्या आठवणीत कळा नसतात, हे टाके असतात.

भीतीची ही किंमत शेवटी सिझरमध्ये वसूल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझरने झालं. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४. खासगीतल्या या आकड्याला डॉक्टरांची सोय, मुहूर्त, बिल अशी बरीच कारणं आहेत. पण 'मुलीला त्रास नको, सरळ सिझर करा' हे घरच्यांचं वाक्यही त्यात आहे. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्यासमोर दोनच चित्रं असतात: विव्हळणारी एकटी बाई, नाहीतर बेशुद्धीतली सुटका. सिझरनंतरचे महिनाभराचे टाके, पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका, हे त्या घडीला कुणी सांगत नाही. वेदनाशमन असलेलं, सोबत असलेलं साधं बाळंतपण हे तिसरं चित्र त्यांनी बघितलेलंच नसतं.

सोबतीण आत घ्यायला नकार देताना कारणं ठरलेली असतात. गर्दी होते, संसर्ग होतो, नातेवाईक भांडतात, शेजारच्या टेबलावरच्या बाईची लाज जाते. शेवटचं कारण खरं आहे, आणि त्याचा उपाय म्हणजे दोन टेबलांमधली पडद्याची दांडी आणि पडदा. संसर्गासाठी धुतलेला गाऊन, आत घालायच्या चपला, हात धुवायला साबण. भांडणाचं म्हणाल तर सगळी भांडणं आत काय चाललंय ते बाहेर न कळल्याने होतात. जी बाई सहा तास आत बसून सिस्टरची धावपळ बघते, ती बाहेर येऊन नातेवाइकांना शांत करते. गर्दीसाठी एकीमागे एकच सोबतीण, बदली नाही. हे सगळं सांगून झाल्यावर आणखी एक वस्तू लागते आणि ती बहुतेक लेबर रूममध्ये नसते. सोबतिणीला बसायला, टेबलाच्या उंचीशी जुळेल असं एक स्टूल.